मराठी संगीत रंगभूमीला तमाशाच्या फडाने काय दिलं, आणि ते मंचावर आणताना कुठे बिघडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका महाविद्यालयाच्या नाट्यमंडळाला ‘मराठी संगीत रंगभूमी आणि उपेक्षित समाज’ या विषयावर दीड तासाचा प्रयोग बसवायचा आहे. किर्लोस्करांपासून सुरुवात, मग नाट्यपदं, आणि शेवटी दोन लावण्या घेऊन ‘तळागाळातल्या कलावंतांना मानवंदना’, असा आराखडा तयार आहे. एवढं पुरेल का, आणि तमाशाचा भाग नीट बसवायचा तर काय लागेल?

पुरणार नाही, कारण क्रमच उलटा लागला आहे. किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाले. तमाशातला पहिला वग (कथानाट्य) म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो ‘मोहना बटाव’ १८६५ च्या सुमाराचा. तो रचला सांगलीकडच्या सावळजच्या उमा-बाबूंनी, आणि ते मांग समाजातले. म्हणजे गाणं, संवाद, नाच आणि सलग कथानक एकत्र बांधून रात्रभर गर्दी खिळवून ठेवणारा खेळ गावोगाव चालू होता, त्यानंतर पंधरा वर्षांनी शाकुंतल आलं. शाकुंतलाचं मोठेपण वेगळं आहे, ते कुणी नाकारत नाही. पण किर्लोस्करी नाटकांतल्या लावणीच्या चाली पाहिल्या तरी त्या कुणाच्या गळ्यातून आल्या हे कळतं. फडाचा, म्हणजे तमाशा मंडळीचा, भाग शेवटी ‘मानवंदना’ म्हणून नको, सुरुवातीला पाया म्हणून घ्या.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. तमाशा हा फक्त एका-दोन जातींनी घडवला असं म्हणणं खरं नाही. पेशवाईतल्या शाहिरांत होनाजी गवळी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार, परशराम शिंपी, तर रामजोशी, अनंतफंदी आणि प्रभाकर ब्राह्मण. रचना करणारे सगळ्या थरांतले होते. बोर्डावर (तमाशाच्या मंचावर) उभं राहून रात्रभर राबणारे, ढोलकी-हलगी वाजवणारे, नाच्या (स्त्रीवेषात नाचणारा) आणि सोंगाड्या (विदूषक) होणारे, आणि त्यापायी गावाच्या शिव्या खाणारे मात्र मुख्यतः महार, मांग आणि कोल्हाटी समाजातले. रचनेचा मान एकाला आणि अंगमेहनत दुसऱ्याची, ही विभागणी प्रेक्षकाला दिसली पाहिजे. पठ्ठे बापूरावांचं उदाहरण यासाठी चांगलं. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण, सगळं सोडून फडात उतरले आणि त्यांचं नाव घरोघरी गेलं. त्यांच्या फडाला गर्दी खेचणारी पवळा हिवरगावकर ही संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची महार स्त्री. तोवर बोर्डावर पुरुषच नाच्या व्हायचा. बाई उभी राहिली तिच्यापासून, असं मानलं जातं. बापूरावांचं नाव सगळ्यांना माहीत असतं आणि पवळाचं विचारलं की निम्मा वर्ग गप्प बसतो. तुमच्या निवेदनात ही दोन नावं एकाच वाक्यात यायला हवीत.

नाट्यसंगीताच्या बाजूलाही हेच आहे, तिथे थोडक्यात आटपलं तरी चालेल. ‘मानापमान’ (१९११) साठी गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी, दादरा, कजरीच्या अंगाने चाली बांधल्या. ही गाणी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्या कोठीवरच्या गायिका. सावंतवाडीला जन्मलेल्या, कलावंतीण समाजातल्या हिराबाई पेडणेकरांनी ‘जयद्रथ विडंबन’ आणि ‘संगीत दामिनी’ लिहिली. ‘दामिनी’ ललितकलादर्श नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांची सुरुवात गोव्याकडच्या नाटक मंडळीतली. एवढं निवेदनात एक-दोन वाक्यांत सांगून फडाकडे या, कारण करून दाखवण्यासारखं तिथे जास्त आहे.

आता बांधणी. तमाशाचा क्रम असा: ढोलकी-हलगीची सलामी, गण (गणपतीचं स्तवन), गौळण, बतावणी (विनोदी संवाद), मग लावण्या (रंगबाजी), आणि शेवटी वग. जुना फड सात-आठ माणसांचा असायचा: सरदार (फडाचा म्होरक्या), नाच्या, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, आणि मागे तुणतुणं व मंजिरी घेऊन झील ओढणारे सुरत्ये (साथीचे गाणारे). तुम्हालाही दहा-बारा जणांत सगळं करता येईल. मोठ्या फडांसारखा ट्रकभर संच उभा करायच्या नादाला लागू नका, त्यात पैसा जातो आणि मूळ गोष्ट झाकली जाते. नव्वद मिनिटांची वाटणी साधारण अशी करा: सलामी ४, गण ८, गौळण १५, बतावणी ८, लावण्या १२, वग ४०, उरलेली तीन मिनिटं हसणं, टाळ्या आणि जागा बदलणं यात जातात.

सलामी म्हणजे नुसता आवाज नव्हे. ढोलकी उभी राहून, कमरेला बांधून वाजते आणि हलगीशी तिची बोलाचाली होते. ढोलकीने चार मात्रांचा तुकडा टाकायचा, हलगीने तो उचलून द्यायचा, मग दोन मात्रांचा, मग एकाचा, आणि शेवटी दोघं एकत्र. नवखे वादक इथे लय वाढवत नेतात आणि गण सुरू होईपर्यंत गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. सलामी संपताना लय गणाच्या लयीवर उतरवायची, हे तालमीतच ठरवून घ्या. हलगीचं कातडं ओल धरतं. पावसाळ्यात तासाभरात ती ढ्यप वाजू लागते. गावात वादक कागद-पाचोळ्याचा जाळ करून ती तापवतो. नाट्यगृहात जाळ चालत नाही, म्हणून विंगेत विजेची शेगडी ठेवा, हातभर अंतरावर धरून फिरवत तापवा, आणि दुसरी हलगी तयार ठेवा. ढोलकीच्या शाईचं तोंड गाणाऱ्याच्या षड्जाला लावलेलं असतं; गण पुरुषाने आणि लावणी बाईने गायची असेल तर पट्टी बदलते, म्हणून दोन ढोलक्या लागतात. एकीवर भागवलं की लावणीत ढोलकी गाण्याशी भांडत राहते.

झील हा फडाचा खरा शोध आहे आणि शहरी मंडळी नेमका तोच घालवतात. मुख्य गाणारा ओळ संपवत असताना सुरत्ये तिचं शेपूट उचलतात आणि वरच्या सुरात लांबवतात. त्या वेळात गाणारा श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो, प्रेक्षकाचा अंदाज घेतो. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा तीन-चार हजारांच्या जत्रेत शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचायचा तो झिलीच्या जोरावर. ओळ पूर्ण संपल्यावर झील सुरू केली की मध्ये खड्डा पडतो. शेवटच्या अक्षरावरच उडी घ्यायची. दोन सुरत्ये किमान हवेत, म्हणजे एकाचा दम संपेल तिथे दुसरा धरतो. आणि त्यांना वाद्यवृंदात खाली बसवू नका. ते गाणाऱ्याच्या मागे अर्धवर्तुळात उभे राहतात, कारण पुढे वगात तेच दरबारी, शिपाई, गावकरी आणि चोर होतात. आधुनिक नाटकात समूह गातो, भिंत होतो, क्षणात जमाव होतो, याचं ‘घाशीराम कोतवाल’पासून (१९७२) मोठं कौतुक झालं. त्या प्रयोगात खेळे-दशावतारापासून बरंच काही मिसळलेलं आहे. पण एका माणसाने गाता गाता पाच भूमिका करायच्या हा फडाचा रोजचा व्यवहार होता, खर्च वाचवण्यासाठी जन्मलेला.

गौळण बसवताना दिग्दर्शक तिला कृष्णलीला समजतात आणि मऊ करून टाकतात. प्रसंग साधा आहे: गौळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्यात, पुढे मावशी, वाटेत पेंद्या आणि कृष्ण अडवतात, दाण (वाटेचा कर) मागतात. मावशी म्हणजे पुरुषच. डोक्यावर उपरण्याचा पदर ओढला की झाली. ती कृष्णाला विचारते, तू कोण, कुणाचा, कर कसला मागतोस, पावती आहे का? ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते ती माणसं बोर्डावर देवाची उलटतपासणी घेत होती, आणि पुढे बसलेला पाटील हसत होता. गौळणीची धार तिथे आहे. मावशीला नुसतं लचकायला आणि द्वयर्थी बोलायला लावलं की धार जाते आणि पाचकळपणा उरतो. मावशीचे प्रश्न आजचे असू द्या: टोलनाका, दाखल्याची रांग, शिष्यवृत्तीचा अडकलेला हप्ता. तमाशात हे नेहमीच चालत आलं आहे, त्यासाठी परंपरा मोडावी लागत नाही.

गणासाठी आठ मिनिटं ठेवली ती मुद्दाम. तीन गण शेजारी शेजारी दाखवा. पहिला फडाचा, गणपतीला आवाहन करणारा. दुसरा आंबेडकरी जलशाच्या धाटणीचा. १९३० च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी जलसे उभे केले. ढोलकी, झील, सवाल-जवाब आणि विनोद ठेवला. देवाची आळवणी आणि शृंगार काढून टाकला. गौळणीच्या जागी पाणवठा, शाळा, मंदिरप्रवेश यांवरचा संवाद आणला. साचा तोच ठेवून आतला माल बदलला. गावाला खेळ पाहायची सवय याच साच्याची होती, म्हणून जलसा ऐकला गेला. त्याआधी सत्यशोधक जलशांनी हाच मार्ग धरला होता, आणि जोतीराव फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ हे नाटक तर १८५५ चं. तिसरा गण अण्णाभाऊ साठ्यांच्या वळणाचा, ज्यात पहिलं वंदन मायभूमीला आणि शिवछत्रपतींना. वाटेगावच्या मांगवाड्यातून मुंबईच्या गिरणगावात आलेल्या अण्णाभाऊंनी १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ ही त्यांची वगनाट्यं. तीन गण सलग ऐकले की दीडशे वर्षांचा प्रवास निवेदनाशिवाय कळतो. चाल एकच ठेवा आणि वाद्यंही तीच, म्हणजे बदल फक्त शब्दांत ऐकू येईल. प्रत्येक गणासाठी वेगळी प्रकाशयोजना आणि वेगळे कपडे केलेत की तो मुद्दा हरवतो.

इथे एक सरकारी वळण येतं. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली. कलावंत रस्त्यावर आले. पुढे बंदी उठली ती अटींवर: मजकूर आधी दाखवायचा, मंजूर करून घ्यायचा. अण्णाभाऊंनी याच काळात ‘लोकनाट्य’ हे नाव पुढे केलं आणि खेळ चालू ठेवला. अटीचा परिणाम मात्र खोलवर झाला, असं माझं मत आहे. वग लिहिलेला नसायचाच. सरदार संध्याकाळी कथानक सांगायचा, प्रवेशांचा क्रम ठरायचा, पदं पाठ असायची, बाकी बोर्डावर सुचेल तसं. अशा खेळाचं पुस्तक मागितलं की पुस्तक लिहिणारा लागतो, आणि लिहिणारा बहुधा दुसऱ्या समाजातला निघतो. पुढच्या वीस वर्षांत शहरात लोकनाट्याची लाट आली. ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) तिचं टोक. वसंत सबनीसांचं लेखन आणि दादा कोंडक्यांची हजरजबाबी दोन्ही अस्सल. पण तिकीट काढून नाट्यगृहात बसलेल्या मध्यमवर्गाला सोंगाड्या आवडला, आणि ज्या फडात तो घडला त्याला मात्र त्याच शहरात हॉल मिळेना.

वगाकडे येऊ, कारण चाळीस मिनिटं तिथे आहेत आणि सगळ्यात जास्त तिथेच फसतं. जागा बदलायला पडदा नसतो. पात्रांनी बोर्डाला एक फेरी मारली की गाव बदललं, दोन फेऱ्या मारल्या की राज्य बदललं. फेरीला ढोलकीचा छोटा तुकडा आणि सोंगाड्याचं एखादं वाक्य. नेपथ्याच्या नावाखाली एक खुर्ची पुरे, ती सिंहासन, ओटा, पाटलाची पडवी सगळं होते. तालीम अशी करा. पहिल्या आठवड्यात संवाद लिहूच नका. कथानकाचे आठ प्रवेश करा आणि प्रत्येक प्रवेशासाठी फक्त तीन गोष्टी लिहा: कोण येतं, काय मागतं, कुठल्या वाक्यावर जातं. ते शेवटचं वाक्य पक्कं, कारण ढोलकीवाला त्यावर थाप देतो. मधलं सगळं मोकळं. दुसऱ्या आठवड्यात रोज वेगळ्या माणसाला सोंगाड्या करा आणि जे सतत हशा घेतं ते ठेवा. तिसऱ्या आठवड्यात पदं बसवा. मुलं संवाद पाठ करून येतात तेव्हा सोंगाड्याने वेगळं काही टाकलं की समोरचा गोठतो. वगात हा सर्वांत मोठा अपघात. त्यावर उपाय म्हणजे सरदाराची भूमिका सर्वांत अनुभवी नटाला द्यायची. हसवायचं काम सोंगाड्याचं, पण गोष्ट रुळावर आणायचं काम सरदाराचं. काळू-बाळूंचा ‘जहरी प्याला’ आठवा. कवलापूरचे हे जुळे भाऊ दोन हवालदार व्हायचे, आणि त्यांचं वाक्य कितीही लांब गेलं तरी परतीची जागा दोघांनाही ठाऊक असायची. दादू इंदुरीकरांच्या ‘गाढवाचं लग्न’मध्येही हेच होतं.

सोंगाड्याच्या भाषेबद्दल एक सांगणं. पुण्या-मुंबईची मुलं ‘ग्रामीण’ म्हणून जी सरसकट बोली काढतात ती कुठल्याच गावात बोलत नाहीत. सांगली, नगर, जालना, जिथलं कथानक असेल तिथला एखादा मुलगा संचात शोधा आणि त्याच्या घरचं बोलणं घ्या. कुणीच नसेल तर साधी बोलीभाषा बरी.

लावणीसाठी बारा मिनिटं, म्हणजे दोनच. एक फडाची, ढोलकीवरची. दुसरी बैठकीची, संगीत बारीची, जिथे बाई बसून एकेक ओळ वेगवेगळ्या भावाने फिरवून गाते. ही अदाकारी कोल्हाटी स्त्रियांनी जपली; वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) तिच्या थोर प्रतिनिधी, त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. बैठकीची लावणी घेतली नाही तर लावणी म्हणजे फक्त उड्या असा समज पक्का होतो. फडाच्या लावणीला ध्वनिमुद्रित गाणं अजिबात लावू नका. चाळ (पायातली घुंगरं) आणि ढोलकी यांचा सवाल-जवाब जागच्या जागी घडतो: नाचणारी थांबली की ढोलकीने थांबायचं, तिने टाचेचा तुकडा दिला की तो उचलायचा. ध्वनिफितीवर ती फितीच्या मागे धावते. चाळांचं वजन दोन्ही पायांना मिळून काही किलो होतं, म्हणून नवख्या मुलीला पहिल्या दिवशी पूर्ण चाळ बांधू नका. घोट्याभोवती मऊ कापडाची पट्टी गुंडाळून वर थोड्या घुंगरांपासून सुरुवात करा आणि महिनाभरात वाढवा. तंबूच्या बोर्डाला फळ्या असतात आणि त्या किंचित दबतात. सभागृहाच्या फरशीवर तीच टाच मारली की गुडघे धरतात, आणि चाळांचा आवाजही कोरडा येतो. प्लायवुडचे तुकडे लाकडी पट्ट्यांवर ठोकून दहा बाय आठ फुटांचा पाट करून घ्या.

विठाबाई नारायणगावकरांबद्दल निवेदनात बोलताना एक पथ्य पाळा. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, हा प्रसंग सगळे सांगतात आणि टाळ्या घेतात. त्याच दमात हेही सांगा की गर्दी खेळ थांबवू देत नव्हती, आणि राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या बाईचे शेवटचे दिवस ओढग्रस्तीत गेले. फडाचं नाव ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ असंच फलकावर असायचं, जात न लपवता. तुमच्या पत्रिकेतही ते तसंच छापा. उलट, वगातल्या विनोदासाठी जातीचं नाव कुठेही येणार नाही, याची संहितेवर पेन्सिल फिरवून खात्री करा.

‘तमाशात आता सिनेमाची गाणी आणि नाचच उरला’ अशी तक्रार चर्चेत नक्की येईल. कारण माहीत असू द्या. पूर्वी खेळ रात्री दहाला उभा राहायचा आणि वग पहाटे संपायचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सवलत मिळाली तरी मध्यरात्रीपर्यंतच. मग दोन-अडीच तासांत फडमालक काय ठेवणार? ज्याला टाळी लगेच मिळते ते. वग मागे पडला तो कलावंतांची आवड बदलली म्हणून नाही, घड्याळामुळे. त्यात फडाचा गाडा उचलीवर चालतो: हंगामाआधी कलावंताला आगाऊ रक्कम द्यायची आणि ती हंगामभर फेडून घ्यायची. पाऊस आला, जत्रा रद्द झाली की मालक सावकाराच्या दारात आणि कलावंत मालकाच्या.

शक्य असेल तर एक ढोलकीवाला आणि एक हलगीवाला फडातलाच आणा. हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रांत शिगेला जातो, तेव्हा कुणी मोकळं नसतं. तुमचा प्रयोग पावसाळ्यात ठेवलात तर चांगले वादक मिळतात आणि त्यांनाही त्या दिवसांत कामाची गरज असते. सुपारी ठरवायला पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला जा, गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, आणि पावसाळ्याचं बोलणं तेव्हाच करून ठेवता येतं. मानधन बोलण्याच्या वेळीच सांगा, अर्धं आगाऊ द्या, येण्या-जाण्याचं भाडं आणि दोन वेळचं जेवण वेगळं धरा. तालमीचे दिवसही मानधनात मोजा. ‘विद्यार्थ्यांना शिकवायचंय’ म्हणून ते फुकट मागितले जातात आणि वादक तिसऱ्या दिवशी येत नाही. कपडे बदलायला स्वतंत्र, कडी लागणारी खोली हवी. विंगेत चादर धरून भागवलं जातं, तसं करू नका. पत्रिकेत त्यांचं नाव ‘संगीत साथ’ या ओळीत नको, दिग्दर्शकाच्या खालच्याच ओळीत, गावासकट.